गणेशखिंडीची हिरवळ आणि ४९ नंबरचा जांब

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

आजचं रेकॉर्डिंग पुण्यातून नाही, पुलगावातून, घरून करतोय. मागे पंखा कुरकुरतोय, मध्येच गाडीचा हॉर्न येईल, कारण रेल्वेलाईन आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. सांभाळून घ्या.

तर झालं असं, की गेल्या वर्षी आबाजींना, म्हणजे माझ्या आजोबांना, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी पुण्याला घेऊन गेलो. ऑपरेशन नीट झालं. आठ-दहा दिवसांनी डॉक्टर म्हणाले, आता थोडं फिरवून आणा. कुठे न्यायचं? शनिवारवाडा त्यांनी आधी पाहिलेला. मॉलमध्ये त्यांना कंटाळा येतो. म्हटलं, चला, विद्यापीठ दाखवतो. मी तिथे शिकलो, तिथल्या झाडांखाली बसून परीक्षांचा अभ्यास केला, ते तरी बघतील.

आम्ही मुख्य इमारतीसमोर पोहोचलो. तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. उंच मनोरा, दगडी कमानी, आणि समोर पसरलेली हिरवळ. आबाजी काळा चष्मा सावरत थांबले. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बाप्पा! एवढं गवत, अन् एक बी ढोर नाही. मंग खाते कोन?"

मी हसलो. पण नंतर जे वाचत गेलो त्यावरून सांगतो, तो प्रश्न अजिबात अडाणीपणाचा नव्हता. आजचा एपिसोड त्याच प्रश्नाचा आहे.

आधी आबाजींबद्दल दोन वाक्यं. ते माळी होते. एका मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर. कुठला बंगला, कुठले साहेब, ते सोडा. बावीस वर्षं त्यांनी तिथलं लॉन सांभाळलं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५च्या वर जातो, तेव्हा पहाटे चारला उठून पाणी द्यायचं. पण त्या लॉनवर बसायची परवानगी नव्हती. माझे बाबा लहान असताना एकदा डबा द्यायला गेले आणि त्या गवतावरून पळाले. आबाजींचा एका दिवसाचा पगार कापला गेला. आमच्या घरात ही गोष्ट विनोद म्हणून सांगतात. मला ती कधीच विनोदी वाटली नाही.

आता इतिहासाकडे वळू.

पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरची कोठी, गव्हर्नमेंट हाउस. पावसाळ्यात मुंबईचा दमटपणा नको म्हणून गव्हर्नर साहेब पुण्याला यायचे, तेव्हाचा मुक्काम इथे. बांधकाम सुरू झालं १८६४ मध्ये, गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या काळात. पूर्ण झालं १८७१ मध्ये. आराखडा जेम्स ट्रबशॉ नावाच्या वास्तुविशारदाचा. आणि नमुना कुठला? ऑस्बोर्न हाउस. इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाचं बेट आहे, तिथे राणी व्हिक्टोरिया आणि तिचा नवरा प्रिन्स अल्बर्ट यांनी १८४५ ते १८५१ या काळात स्वतःसाठी बांधलेलं घर. इटालियन धाटणीचे मनोरे, पायऱ्यापायऱ्यांच्या बागा, समुद्राकडे उतरत जाणारी हिरवळ. त्याची आठवण आपल्या दख्खनच्या पठारावर उभी केली.

जागा साधीसुधी नव्हती. ५ नोव्हेंबर १८१७ ला याच गणेशखिंडीपासून खडकीपर्यंतच्या मैदानावर पेशव्यांचं सैन्य आणि इंग्रज एकमेकांना भिडले. बापू गोखले मराठ्यांकडून लढत होते. ती लढाई आपण हरलो, आणि पुढच्या काही महिन्यांत पेशवाई संपली. त्यानंतर ४७ वर्षांनी, जिथे तोफा उडाल्या तिथेच फुलांचे ताटवे आखले गेले. मुद्दाम ही जागा निवडली का, हे मी सांगू शकत नाही. पण ज्याने खिंडीतून पहिल्यांदा ती कोठी पाहिली असेल, त्याला वेगळं काही समजावून सांगावं लागलं नसेल.

आता १८६४ हे साल लक्षात ठेवा. इथे आमचा वर्धा जिल्हा येतो.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग सगळ्यांच्या नजरा भारताकडे, म्हणजे वऱ्हाड, नागपूर, खानदेश, गुजरात. आमच्या हिंगणघाटच्या कापसाला तेव्हा बाजारात नाव होतं. भाव असे चढले की मुंबईत पैशांचा पूर आला. समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, शेअर्सचा जुगार सुरू झाला, बँका वाटेल त्याला कर्ज देऊ लागल्या. प्रेमचंद रायचंद हे नाव त्याच काळातलं. वर्धा जिल्हा तयार झाला १८६२ मध्ये, याच गडबडीत. रेल्वेलाईन आमच्या गावावरून नागपूरला पोहोचली १८६७ मध्ये. कापूस न्यायलाच की! पुढे १९१७ मध्ये पुलगाव ते आर्वी छोटी लाईन टाकली, आमची शकुंतला, तीही कापसासाठीच. आणि १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, तसा फुगा फुटला. भाव कोसळले, मुंबईत भलेभले दिवाळखोर झाले.

कोठीचा पाया घातला तेव्हा तेजी होती. छप्पर चढेपर्यंत मंदी आली होती. खर्च मात्र थांबला नाही. शेवटी आकडा गेला सुमारे १,७५,००० पौंडांवर, आणि लंडनच्या पार्लमेंटमध्ये यावर टीका झाली, की मुंबईचे गव्हर्नर उधळे आहेत आणि वरचं ऐकत नाहीत. म्हणजे त्यांच्याच लोकांना ते जास्त वाटलं!

मी असं म्हणणार नाही की वर्ध्याच्या पऱ्हाटीच्या पैशातून ही कोठी बांधली. सोशल मीडियावर अशी वाक्यं छान चालतात, पण ती खरी नसतात. पैसा सरकारी खजिन्यातला. पण एवढं घर बांधायची हिंमत त्या तीन-चार वर्षांच्या हवेतून आली, असं मला वाटतं. आणि त्या हवेत आमच्याकडची सरकी उडत होती.

बरं, आता बागेकडे. आणि आबाजींच्या ढोरांकडे.

हिरवळ म्हणजे लॉन ही गोष्ट आपली नाहीच. आपल्याकडे बाग म्हणजे झाडं, फुलं, फळं, विहीर, पाट, सावली. रिकामं गवत ठेवायचं आणि ते कोणी खायचं नाही, ही कल्पना इंग्लंडच्या जमीनदारांची. अठराव्या शतकात तिकडे एक फॅशन आली. बाग अशी करायची की ती बाग वाटूच नये, नैसर्गिक वाटावी. लॅन्सेलॉट ब्राउन नावाचा माणूस यात एक्का होता. तो टेकड्या हलवायचा, नद्या अडवून तळी करायचा, पूर्ण वाढलेली झाडं उपटून दुसरीकडे लावायचा. सगळं कशासाठी? खिडकीतून दृश्य चांगलं दिसावं म्हणून. डॉर्सेटमध्ये लॉर्ड मिल्टन नावाच्या जमीनदाराला घराशेजारचं अख्खं गाव नजरेत खुपायला लागलं, तर त्याने ते गाव पाडून लोकांना पलीकडच्या दरीत नवी घरं बांधून दिली. मिल्टन अ‍ॅबस त्याचं नाव. आज ते सुंदर गाव म्हणून पर्यटक बघायला जातात. तिथेही ब्राउनचा हात होता.

आणि ढोरं? ती होती. पण लांब. लॉनच्या कडेला एक खोल चर खणायचा, आतून भिंत बांधायची. घरातून बघितलं तर चर दिसत नाही, वाटतं गवत थेट क्षितिजापर्यंत आहे आणि त्यावर मेंढ्या चरताहेत. पण मेंढी लॉनवर येऊ शकत नाही. या चराचं नाव आहे हा-हा. खरंच! गमतीचं नाव आहे. कुंपण आहे पण दिसत नाही, ही त्यातली युक्ती. आबाजींच्या बंगल्यावरही कुंपण दिसत नव्हतं. तरी सगळ्यांना माहीत होतं कुठपर्यंत जायचं.

एकोणिसाव्या शतकात त्याच श्रीमंतांना दुसरा छंद लागला, जगभरची झाडं जमवायची. वृक्षसंग्रह म्हणा. हिमालयातला देवदार, अमेरिकेतले सूचिपर्णी वृक्ष, चीनची झुडपं. काचेच्या बंद पेटीत रोपं ठेवली की जहाजावर महिनोन्महिने जगतात हा शोध वॉर्ड नावाच्या डॉक्टरने लावला होता, त्याने तर सगळं सोपं झालं. पण हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालला. आपल्या रस्त्यांवरचा वर्षावृक्ष, ज्याची एवढी मोठी छत्री असते, तो अमेरिका खंडातला. गुलमोहर मादागास्करचा. विद्यापीठात ज्यांच्या सावलीत मी नोट्स काढल्या, त्यातली निम्मी झाडं माझ्यासारखीच बाहेरगावची.

पुण्यात हे काम कोठीच्या आधी सुरू झालेलं. दापोडीला गव्हर्नरचा जुना बंगला होता. जॉन माल्कम गव्हर्नर असताना, १८२८ मध्ये, तिथे वनस्पती उद्यान सुरू झालं. पुढे अलेक्झांडर गिब्सन नावाचा स्कॉटिश डॉक्टर त्याचा प्रमुख झाला. हा माणूस मला आवडतो. जंगलं तोडली तर झरे आटतात, हे तो १८४०च्या दशकात सरकारला कळवत होता. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. त्याने दापोडीच्या झाडांची चित्रं काढून घेतली, सुमारे १७०. आज ती एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत, २००२ मध्ये त्यावर इंग्रजीत देखणं पुस्तकही आलं. एकेक पान, एकेक शीर अशी रंगवली आहे की हात लावून बघावंसं वाटतं.

आणि चित्रकाराचं नाव? नाही. तो पोर्तुगीज-भारतीय वंशाचा होता एवढंच सांगतात. १७० चित्रं काढली आणि नाव कोणी लिहून ठेवलं नाही.

दापोडीची बाग बंद झाली, आणि १८७३ मध्ये गणेशखिंडीत, कोठीच्या शेजारी, नवं वनस्पती उद्यान उभं राहिलं. जी. मार्शल वुड्रो त्याचे प्रमुख झाले. त्यांनी भारतातल्या बागकामावर पुस्तक लिहिलं, ते पुढे बरीच वर्षं चाललं. म्हणजे आता शेजारीशेजारी दोन बागा झाल्या. एक बघायची, एक कामाची. कोठीच्या बागेत पार्ट्या, बँड, बग्ग्या. पलीकडच्या बागेत वाफे, खुरपी, झारी, कलमं.

पहिल्या बागेतली सगळ्यात प्रसिद्ध रात्र तुम्हाला माहीत आहे. २२ जून १८९७. राणीच्या राज्याची साठ वर्षं झाली म्हणून कोठीवर समारंभ होता, दिव्यांची रोषणाई होती. बाहेर गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधू अंधारात थांबले होते. मध्यरात्रीच्या सुमारास रँडची बग्गी निघाली, "गोंद्या आला रे" अशी खूण झाली, आणि गोळ्या सुटल्या. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. प्लेगच्या नावाखाली पुणेकरांच्या घरात घुसून जे झालं होतं, त्याचा तो सूड.

पण त्याच वर्षातली दुसरी तारीख बघा. १० मार्च १८९७. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता, एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेल्यानंतर, सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. तीन महिन्यांनी त्या कोठीवर दिवे लागले. आज त्या कोठीवर नाव कोणाचं आहे? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. विद्यापीठ तिथे १९४९ मध्ये आलं, नाव २०१४ मध्ये बदललं. आणि फुले हे आडनाव कुठून आलं, तर जोतीरावांचे पूर्वज पेशव्यांना फुलं पुरवायचे म्हणून. माळी. साताऱ्याजवळच्या कटगुणहून आलेलं माळ्याचं घराणं.

हे मी आबाजींना सांगितलं तेव्हा ते चालता चालता थांबले. "मालकाच्या जागी माळ्याचं नाव लावलं म्हन्तं?" म्हटलं, हो. पुढे काही बोलले नाहीत. पण चप्पल काढली.

हिरवळीवर बसायला मात्र तयार झाले नाहीत. मी म्हटलं, आबाजी, बसा ना, इथे सगळेच बसतात, पोरं-पोरी बघा की. तर म्हणे, "मले सवय नाही, बाबू." मग कडेच्या दगडी कट्ट्यावर बसले. मी गवतावर, ते कट्ट्यावर. तासभर आम्ही तसेच.

आता दुसऱ्या बागेबद्दल. खरं सांगायचं तर या एपिसोडचा जीव तिथे आहे.

वनस्पती उद्यानाचं पुढे फळसंशोधनाचं केंद्र झालं. डॉ. जी. एस. चीमा तिथले शास्त्रज्ञ. लखनौकडच्या पेरूच्या बिया आणून रोपं वाढवली, त्यातून १९२७ मध्ये एक जात निवडली. फळ मोठं, गर पांढरा, बी मऊ. नाव दिलं लखनौ-४९. एखाद्या कैद्याच्या नंबरासारखं नाव! नंतर तिला सरदार म्हणू लागले. १९३६ मध्ये आळंदी जातीच्या डाळिंबातून आणखी एक निवड झाली, नाव जीबीजी-१, म्हणजे गणेशखिंड बोटॅनिकल गार्डन, नंबर एक. १९७० मध्ये तिचं नाव झालं गणेश. खिंडीतल्या गणपतीचंच नाव ते. आज सांगोल्यापासून नाशिकपर्यंत जे लालभडक भगवा डाळिंब होतं, त्याच्या घराण्यात हा गणेश आहे.

इथे एक गोष्ट कळायला हवी. पेरूची बी लावली तर झाड आईसारखं येईलच असं नाही. चव बदलते, आकार बदलतो. म्हणून कलम करायचं. जिवंत फांदी वाकवून मातीत दाबायची, तिला मुळं फुटली की तोडून वेगळी लावायची. त्याला दाब कलम म्हणतात. म्हणजे देशभरात सरदार जातीची जितकी झाडं आहेत, ती सगळी गणेशखिंडीतल्या त्या एका झाडाचेच तुकडे आहेत. विचार करा ना! कोठीची नक्कल करायला १,७५,००० पौंड लागले. या झाडाची नक्कल करायला लागतं एक खुरपं, थोडं शेण-माती, आणि ज्याला फांदी कधी दाबायची हे कळतं असा माणूस.

त्या माणसांची नावं कुठे नाहीत. शास्त्रज्ञाचं आहे, आणि ते असायलाच हवं, काम मोठं आहे. पण शेकडो रोपांना वर्षानुवर्षं पाणी घालणारे, कुठलं झाड कधी मोहरतं हे डोक्यात ठेवणारे, त्यांचं दापोडीच्या चित्रकारासारखंच झालं. मला वाटतं इंग्लंडमधल्या त्या मोठ्या बागांचंही असंच असणार. ब्राउनचं नाव राहिलं, तळी खणणाऱ्यांचं नाही.

२०२० मध्ये गणेशखिंडीच्या या बागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. जुन्या आंब्यांचा मोठा संग्रह आहे तिथे. मेट्रो, उड्डाणपूल, रस्ता रुंदीकरण, हे सगळं तिच्या कुंपणाला येऊन भिडलंय. दर्जामुळे ती वाचेल का? कागदाने झाड वाचत नाही हे आपल्याला माहीत आहे. पण कागद नसेल तर तोडायला कारणही लागत नाही.

आबाजींना पेरूचं सांगितलं. आमच्या विदर्भात पेरूला जांब म्हणतात. म्हटलं, आबाजी, आपल्या पुलगावच्या फलाटावर चिरून, तिखट-मीठ लावून जो जांब विकतात ना, त्यातला मोठा पांढऱ्या गराचा, तो इथला. ते म्हणाले, "सरदार होय ना? मीनं लावले हायेत. बंगल्यावर मांगच्या अंगाले चार होते. साहेबाले माहीत बी नव्हतं कुठून आले. मीच कलमं बांधली होती."

मला हे माहीत नव्हतं. बावीस वर्षं लॉनला पाणी घातलं ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो, पण मागच्या बाजूला त्यांनी स्वतःच्या मनाने चार झाडं लावली होती, हे मला पुण्यात, त्या कट्ट्यावर कळलं. मी विचारलं, मग फळं कोण खायचं? म्हणे, "पोरं. तुया बाप बी. तिथं कोनी पाहात नव्हतं."

परत येताना पुण्यातल्या एका नर्सरीतून सरदारचं एक दाब कलम घेतलं. महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये रात्रभर ते आबाजींच्या पायाशी होतं. मनमाडला एकाने विचारलं, काका, हे वरती ठेवू का? तर नाही म्हणाले, हवा लागते त्याले. उजाडलं तेव्हा त्यांनी प्लास्टिकच्या बाटलीतलं उरलेलं पाणी त्याला घातलं, आणि स्वतःसाठी माझ्याकडे मागितलं.

आता ते आमच्या परसात आहे, धुण्याच्या दगडाच्या पलीकडे. खिडकीतून दिसत नाही, मागे जावं लागतं. या पावसाळ्यात गुडघ्यावर आलंय. मधल्या आळीतल्या एका बकरीने एकदा शेंडा खाल्ला, तेव्हा आबाजींनी जे शब्द वापरले ते मी रेकॉर्डिंगमधून काढलेत.

हॉर्न आला का कानावर? नागपूरकडे जाणारी गाडी दिसते. थांबतो इथे. पुढचा एपिसोड पंधरा दिवसांनी, शकुंतला रेल्वेवर. तुमच्या गावात त्या छोट्या लाईनच्या आठवणी असतील तर व्हॉइस नोट पाठवा, लांबली तरी चालेल, मी सगळ्या ऐकतो.